पंचफुलाच्या घरची काटवट

मित्रांनो, पोळ्यांच्या घरात वाढलेल्या मुलांना माझी ओळख करून द्यावी लागते. मी काटवट, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. उदगीरच्या एका सुताराने मला बाभळीच्या खोडातून कोरलं. केरबा तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहायचे आणि त्यांची बायको पंचफुला रोज माझ्यात ज्वारीचं पीठ मळायची. भाकरी, तिखट, कांदा, एवढंच जेवण. गव्हाची पोळी सणाला. त्यांची धाकटी लेक लुंबिनी विचारायची, "आई, रोज सण का नसतो?"

लुंबिनी शिकली, नांदेडला रेल्वेच्या कचेरीत लागली आणि आईवडिलांना घेऊन आली. घरात रोज पोळी, दूध, अंडी आली. रोजच सण.

"आता भाकरी थापायची नाही, आई. बसून खायचं."

"बरं बाई, साहेबीण झालीस," पंचफुला हसली. मी माळ्यावर गेले. मला वाईट वाटलं, पण खाली कुणी अर्धपोटी झोपत नव्हतं, याचा अभिमान त्याहून मोठा होता.

यंदा पंचफुला गेली आणि केरबांचं जेवण तुटलं. ताट भरलेलं असायचं. दोन घास खाऊन ते हात धुवायचे. अंगातले कपडे ढगळ होऊ लागले, तेव्हा एका संध्याकाळी लुंबिनीने मला खाली काढून धुतलं. कणीक मळावी तसं तिने सगळं पीठ एकदम मळलं आणि मुरायला झाकून ठेवलं.

पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी तव्यावर तुटली. केरबा दारात येऊन उभे राहिले.

"ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?"

आई गेल्यापासून लुंबिनी पहिल्यांदा हसली. हसता हसता थांबली. "आई एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायची. मी मुरवत बसले."

तिने कोरडं पीठ घेतलं, गरम पाणी घातलं, तळहाताने रगडलं आणि लगेच थापलं. भाकरी तव्यावर टम्म फुगली. केरबांनी ती अंड्याच्या रश्श्यात कुस्करली आणि मान खाली घालून संपवली.

"अजून एक टाक, माय. जराशी मोठी कर."

त्या रात्रीपासून मी ओट्यावर, पोळपाटाशेजारी राहते.

मित्रांनो, रोज पोळी खा, दूध प्या, अंडी खा. त्यासाठी तुमच्या माणसांनी पाठीवर पोती वाहिली आहेत. पण घरात भाकरी थापता येणारे हात असतील, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि पीठ मळायला शिका.