रक्त न आलेला मार

आमटीत मीठ पुन्हा दोनदा पडलं होतं. दहिवलीचे वकील विष्णुपंत ओगले यांनी पहिला घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई याचीच वाट पाहत होत्या.

"बघितलंस विष्णू? काल दूध उतू घालवलं. हाक मारली की कपाळाला हात लावून बसते."

सुचेता चुलीपाशी डोळे मिटून बसली होती. "डोकं ठणकतं हो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "भांड्याचा आवाजसुद्धा सोसत नाही."

"ठणकायला मार लागलाय कुठे? दाखव की!" विष्णुपंत म्हणाले. वकिलाचीच जीभ ती. पुराव्यावाचून कशावर विश्वास ठेवायची सवयच नव्हती.

झालं होतं ते असं. पंधरवड्यापूर्वी सुचेता सोवळ्याचं पाणी आणताना विहिरीपाशी शेवाळावरून घसरली. डोकं मागून पायरीवर आदळलं आणि ती निपचित पडली. लाकडाची मोळी घेऊन आलेली ठाकरवाडीची मंगळी मोळी टाकून धावली. विष्णुपंत पूजेचं सोवळं नेसून पडवीतच उभे होते.

"शिवू नकोस तिला! स्वयंपाक व्हायचाय अजून."

मंगळी जागीच थबकली. "अवो दादा, बाई उटत नाय. तुमी तरी हात द्या."

पण मंगळी इतकी जवळ असताना पुढे झालं तर आपलंही सोवळं मोडेल, म्हणून विष्णुपंत हलले नाहीत. थोड्या वेळाने सुचेता आपली आपणच उठली. शिवाशिवीचा संशय नको म्हणून सासूबाईंनी तिला डोक्यावरून पुन्हा गार पाणी घ्यायला लावलं, आणि ती ओल्या केसांनी चुलीपुढे बसली. रक्ताचा टिपूस आला नव्हता, तेव्हा लागलं असं कुणालाच वाटलं नाही.

त्या खारट आमटीनंतरही डोकं थांबेना, विसराळूपणा सरेना. अखेर "सोंगं पुरे झाली, माहेरी जाऊन शहाणी होऊन ये," असं सुनावून विष्णुपंतांनी तिला खालापूरला वडिलांकडे पोचवलं.

वर्ष उलटलं. कर्जतच्या वाचनालयात मुंबईचे एक शस्त्रवैद्य, डॉक्टर वागळे, व्याख्यानाला आले. अध्यक्षस्थानी विष्णुपंतच होते. डोक्याला हलका मार लागलेली, 'काही झालं नाही' म्हणून इस्पितळातून घरी धाडलेली माणसं डॉक्टरांनी पुढे त्यांच्या घरी जाऊन तपासली होती. त्यांत हमाल होते, गाडीवान होते. कित्येकांचं डोकं महिनोन्‌महिने दुखत होतं, आवाज सोसत नव्हता, हातातलं काम विसरायला होत होतं.

विष्णुपंतांनी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, "जखमच नाही, तर ते सोंग नव्हे कशावरून?"

"वकीलसाहेब, दह्याचं मडकं आपटलं आणि मडक्याला चीर गेली नाही, तरी आतलं दही मोडतंच ना? ज्यांना लगेच विसावा मिळाला, ते बहुतेक बरे झाले. ज्यांना त्याच दिवशी कामाला जुंपलं, त्यांनी फार सोसलं. हे कळल्यापासून आमच्या इस्पितळात अशा माणसाला आम्ही आधी निजवतो, आणि घरच्यांना सांगतो, तो म्हणतो ते खरं माना."

सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचे हात मात्र मांडीवरच राहिले. ओल्या केसांनी चुलीपुढे बसलेली सुचेता त्यांना समोर दिसत होती!

घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विष्णुपंत खालापूरला गेले.

सुचेता ओसरीवर बसली होती. चेहरा निवळला होता, पण बोलताना ती मधेच शब्द शोधायची.

"चुकलं माझं. तू सोंग करत नव्हतीस. डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले," सुचेता शांतपणे म्हणाली. "मीही तेच सांगत होते हो. रोज सांगत होते."

विष्णुपंतांनी खाली मान घातली आणि त्यांना रडू आलं.

"येईन मी," शेवटी सुचेता म्हणाली. "पण त्या घरात पुन्हा कुणी पडलं, तर आधी हात द्यायचा. सोवळं मागाहून."

संध्याकाळी छकडा दहिवलीला अंगणात थांबला. द्वारकाबाई देवाजवळ दिवा लावत होत्या. त्या तशाच, सोवळ्यातच, बाहेर आल्या. प्रवासाच्या ओवळ्या लुगड्यातल्या सुनेकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि हात पुढे केला.

"धर गं. सांभाळून उतर."

सुचेताने हात धरला. पायरीवर मात्र ती थांबली. "पाणी कुठल्या हंड्यात असतं आपलं?" तिने विचारलं. दहा वर्षं तिने स्वतः भरलेला हंडा होता तो. द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

वाचकहो, आपल्या घरातही कुणी म्हणत असेल, मला लागलंय, मला सोसत नाही. रक्त दिसत नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका. विष्णुपंतांच्या घरी हात पुढे झाला, पण एक वर्ष उशिरा, आणि ते वर्ष सुचेताला कुणीच परत देऊ शकलं नाही.