चाकाच्या मधोमध

"सहावी रेघ नको, रंगराव. पाच तालुके, पाच रंग, बस्स. गिचमीड झाली तर बघणार कोण?" एवढं बोलून साहेब निघून गेले.

रंगराव बुलढाण्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. महिनाभर त्यांची आकड्यांशी झटापट चालली होती. कागद आले ते विषयवार: विहिरींचा वेगळा, शाळांचा वेगळा, सडकांचा, दवाखान्यांचा. ते सगळे फोडून त्यांनी तालुकावार मांडले. विहिरी हजारांत आणि दवाखाने बोटांवर मोजण्याइतके, म्हणून सगळं शंभरात बसवलं. मग मोठं चाक काढलं. एकेक आरा एकेका विषयाचा. आकडा मोठा तितका ठिपका मधल्या बिंदूपासून लांब. एका तालुक्याचे ठिपके जोडले की त्या रंगाचं कडं व्हायचं, अशी पाच कडी एकावर एक. दवाखान्याच्या आऱ्यावर ज्याचं कडं सगळ्यात आत चेपलेलं, त्या तालुक्याला यंदाचा एकुलता एक नवा दवाखाना.

मेहकरचं हिरवं कडं तिथं चांगलं ऐसपैस बाहेर आलं होतं. डोणगावात दवाखाना होता ना! पण ओढ्यापलीकडच्या वाडीत काही म्हणता काही नव्हतं आणि ती वाडी रंगरावांचं आजोळ. सहावी रेघ त्यांनी तिच्यासाठीच मागितली होती; तालुक्याच्या बेरजेत मात्र ती त्यांनीच आपल्या हातानं बुडवली होती.

दुपारी वाडीहून जनकाबाई आली, त्यांची मावशी.

"काऊन रे रंगा, झालं का तुहं चाक? भेटते ना दवाखाना?"

चाक खोटं बोलत नाही, असं दिवाळीत यांनीच मोठ्या तोऱ्यात वाडीत सांगितलं होतं. आता भोगा.

"लेक बाळंतपणाले आली बाप्पा. सुनेवानी हिचंही झालं तं..." मावशी थांबली. सून मागच्या पावसाळ्यात डोणगावच्या वाटेवर, ओढ्याला पूर असताना, बैलगाडीतच दगावली होती.

नाही भेटत, एवढंच सांगायचं होतं. रंगराव चाकाच्या कागदाचे कोपरे सरळ करत बसले.

"आपली वाडी दाखव मले." मावशीनं कागदाला लावण्याआधी बोट पदराला पुसलं.

"वाडी काढली नाही, मावशी. काढली असती तं..." दवाखान्याच्या आऱ्यावर वाडीचा आकडा शून्य. रंगरावांचं बोट आपोआप मधल्या बिंदूवर गेलं. कंपासचं टोक रुतून तिथं भोक पडलं होतं. "इथं असती."

मावशी वाकली. तिचा चेहरा उजळला.

"मधोमध? म्हंजे चाकाचा तुंबाच की रे! सारे आरे त्यातच तं बसते. तुंब्याबगर चाक चालते का कुठं?"

"मावशी, तसं नाही..."

"राहू दे, समजलं मले. आपल्या रंगानं वाडी मधात ठेवली."

ते तिला मोटार स्टँडवर घेऊन गेले. वाटेत दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्हीदा तिनं लेकीचंच काढलं. मेहकरच्या गाडीत खिडकीशी बसून ती शेजारच्या बाईला चाक सांगू लागली. गाडी सुरू झाली तशी तिनं डोकं बाहेर काढलं.

"लेकीले सांगतो रे रंगा, आता भेऊ नको म्हणून!"

रंगरावांनी हात वर केला. बोटांना हिरवी शाई होती. गाडी वळली तरी हात खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.