वरचा एक डॉलर

आमच्या आईनं आयुष्यात कुणालाही नुसती गोल रक्कम दिलेली नाही. लग्नाच्या पाकिटात एकशे एक, पाचशे एक सगळेच घालतात. आई दूधवाल्याच्या बिलावरही एक रुपया ठेवायची. डॉक्टरच्या फीवर एक. विजेच्या बिलावर एक जास्त भरायची, तो पुढच्या बिलात वजा होऊन यायचा, की ही पुन्हा एक जास्त भरायची. मिरजेच्या वीज ऑफिसातला क्लार्क तिला लांबून बघूनच चहाला उठायचा.

"शून्यावर दिलं की संपलं बघ," ती म्हणायची. "वर एक असला की पुढं चालू राहतं."

पुढं चालू राहतं, हे तर मी आता कोर्टात शपथेवर सांगीन.

मी विंडसरला टूल डिझाईन शिकायला आलो तेव्हा बँकेनं स्टुडंट अकाऊंट दिलं आणि त्यावर पाचशे डॉलरचा ओव्हरड्राफ्ट. पाचशे मी पहिल्याच थंडीत खाल्ले. कोर्स संपला, गोडाऊनमध्ये नाईट शिफ्ट केल्या, आणि २०१३ साली फेडायला निघालो. आईला फोनवर सांगितलं, पाचशे भरतोय.

"पाचशे? नुसते पाचशे?"

"आई, बँक आहे ती. बारसं नाही."

"एका डॉलरनं भीक लागणारे का तुला, शैल्या?"

पाचशे एक भरले. काउंटरवरच्या बाईनं एकदा माझ्याकडे, एकदा नोटांकडे बघितलं आणि जमा करून टाकले. मी हवेत तरंगत बाहेर आलो. अकाऊंट बंद झालं असं धरून चाललो, कारण कर्ज फिटलं की विषय संपतो, असं मला वाटायचं.

पण अकाऊंटमध्ये आईचा डॉलर होता ना. डॉलर आहे म्हणजे अकाऊंट जिवंत. जिवंत आहे आणि आता स्टुडंट नाही, म्हणजे महिन्याची फी. पहिल्या फीनं डॉलर खाल्ला आणि अकाऊंट मायनसमध्ये गेलं. मायनस म्हणजे ओव्हरड्राफ्ट, त्याची वेगळी फी, वर व्याज. ईमेल जायचे कॉलेजच्या बंद पडलेल्या पत्त्यावर. पत्रं जायची विंडसरच्या जुन्या खोलीवर. मी मिल्टनला, दुसऱ्या बँकेत, सुखात.

मला हे कळलं २०१७ च्या एप्रिलमध्ये, एका सोमवारी.

त्याआधी एक सांगायला हवं. आईचा खुबा मोडला होता. मिरजेत तिला बघायला कुणी नाही, म्हणून तिचा व्हिसा काढला, तिकीट काढलं. मी राहायचो ऍलन नावाच्या म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये. तेरा पायऱ्या खाली खोली, आणि वॉशरूम वर, ऍलनच्या मजल्यावर. भाडं कमी म्हणून चार वर्षं काढली. आईला तिथं कसं ठेवणार? म्हणून टाउनहाऊस घेतलं. खाली एक बेडरूम, तिच्या दाराला लागून वॉशरूम, मध्ये एकही पायरी नाही. तेव्हा घरांची अशी मारामारी होती की 'लोन मंजूर झालं तरच घेईन' अशी अट घातली तर एजंट तुमचं नाव पण विचारत नव्हता. मी अट सोडली आणि पंचवीस हजार डिपॉझिट दिलं; व्यवहार मोडला तर ते बुडणार. शुक्रवारी चावी मिळणार होती. शनिवारी आई उतरणार होती.

आणि सोमवारी लोनवाल्याचा फोन. "तुमच्या नावावर बुडीत कर्ज दिसतंय. फेडलं आणि अकाऊंट बंद झालं, असं बँकेचं पत्र आणा. गुरुवारपर्यंत."

सहाशे बारा डॉलर, सदतीस सेंट.

मी धावत त्या जुन्या बँकेच्या मिल्टनच्या ब्रँचमध्ये. काउंटरवर एक मुलगी. तिनं स्क्रीन बघितला आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, हे वसुलीवाल्यांकडे गेलंय, त्यांना फोन करा. वसुलीवाले म्हणाले, फाईल बँकेला परत गेली एक तारखेला. मी पुन्हा तिच्यापुढे.

"च्यायला, पैसे घ्या म्हणून पाया पडायची वेळ आली," मी स्वतःशीच बोललो.

"माझ्या नका पडू दादा, कॅमेरा आहे," ती म्हणाली. "मी केझिया. वसईची, नंदाखालची. थांबा, बघते." तिनं बराच वेळ टकटक केलं. "प्रॉब्लेम असाय, की तुमचं अकाऊंट फ्रीज आहे. पैसे घ्यायचे तर रिओपन करावं लागेल."

"करा की मग!"

"स्टुडंट अकाऊंट आहे ना ते. रिओपन करायला स्टुडंट असावं लागतं."

"मी एकतीस वर्षांचाय."

"सिस्टीमला वयाचं काही नाही. फक्त कॉलेजचं लेटर लागतं."

"फी घेताना मी स्टुडंट नव्हतो, आणि फेडताना आहे?"

केझियानं इकडंतिकडं बघितलं. "मॅनेजरला मी हे विचारलं, तर नोकरी जाऊन उद्या मी पण काउंटरच्या तुमच्या बाजूला उभी असेन."

मंगळवारी मी एका कॉलेजचा ऑनलाईन कोर्स घेतला. एकशे नव्वद डॉलर. त्या दिवशी ऍडमिशन चालू असलेला एकच होता: 'घरगुती पैशांचं नियोजन'. लेटर आलं. बुधवारी केझियानं अकाऊंट उघडलं आणि काउंटरवरून पुढं वाकली.

"एक्झॅक्ट भरा हां. आईला फोन करू नका."

केझियाला मी सगळं सांगितलं होतं. सहाशे बारा सदतीस भरले. शून्य. शून्य इतकं देखणं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. "उद्या सकाळी पत्र," केझिया म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती माझ्याकडे बघेना.

"दादा, रागावू नका. रात्री सिस्टीमनं पन्नास डॉलर टाकलेत."

"कसले?"

"वेलकम बोनस. नवीन स्टुडंट म्हणून."

"काढून घ्या ते! तुम्ही घ्या! कुणालाही द्या!"

"नव्वद दिवस लॉक असतो. तोवर अकाऊंट बंद होत नाही. फेडलं असं मी लिहून देते. बंद झालं असं नाही देता येणार."

लोनवाल्याला अर्धं पत्र पाठवलं. त्यानं अर्धं वाचलं नाही, लोनला नकार. घर विकणाऱ्याच्या वकिलाला आठवडाभर थांबा म्हणालो. तो म्हणाला, बाहेर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, वीस हजार जास्त घेऊन. शुक्रवारी दुपारी घर गेलं, पाठोपाठ पंचवीस हजार गेले. संध्याकाळी बँकेचा ईमेल आला: अभिनंदन, तुमच्या शिक्षणाच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत.

शनिवारी आई उतरली. ऍलन सत्तर वर्षांचा, पण बिचारा पुढे आला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तिला बसवून आम्ही दोघांनी तेरा पायऱ्या खाली नेलं. प्रत्येक पायरीला ती डोळे मिटून घ्यायची. पलंगावर बसली आणि खिडकीतून बघायला लागली. खिडकीतून ऍलनच्या गाडीची चाकं दिसतात, अजून विंटर टायर्सच होते.

"घर होतं ना रे खाली खोलीवालं? काय झालं?"

"बँकेचं काहीतरी झालं, आई."

"विसार किती दिला होतास?"

"पंचवीस हजार."

"वर?"

"वर काय?"

"नुसते पंचवीस हजार? वर एक नाही घातलास?" तिनं कपाळाला हात लावला. "अरे, मग कसं टिकेल? साधी गोष्ट. मी फोनवर सांगायला हवं होतं."

चार वर्षांचा सगळा हिशोब माझ्या तोंडाशी आला होता. पहिल्या फीपासून बोनसपर्यंत. मी तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं.

"विसरलो, आई."

"वाटलंच मला." ती जरा शांत झाली. चूक सापडली होती. पर्समध्ये चाचपून तिनं एक डॉलरचं नाणं काढलं. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराकडून तिनं ते हट्टानं रुपये देऊन घेतलं होतं. "ठेव. पुढच्या घराच्या वेळी पहिल्यांदा हा."

मी तो खिशात टाकला. मग ती पदराशी चाळा करत बसली, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "शैल्या, वॉशरूम कुठाय?"

मी वर ऍलनला हाक मारली आणि खुर्ची पुढं ओढली.