जांभळ्या वाफ्याचा आवाज

फुलांच्या धंद्यातली माणसं सूनबाईच्या सासऱ्यांना ‘कानवाले’ म्हणायची. स्टॅटिस कापायला आलं की नाही हे बाकीचे लोक डोळ्यांनी बघून ठरवत, हे कानांनी ठरवत. सकाळी दव वाळलं की वाफ्यात शिरायचं, एक दांडा वाकवून कानाशी न्यायचा, दोन बोटांनी हलवायचा आणि मग निकाल द्यायचा. कोरा कागद चुरगळल्यासारखी सळसळ आली तर ‘कापा’, नाहीतर ‘अजून नाही’. चाळीस वर्षांत निकाल चुकला नव्हता, असं ते स्वतः सांगत. एक वर्ष चुकला होता, असं सासूबाई सांगत. पण सासूबाईंचं त्या घरात कोण ऐकतं!

स्टॅटिस हे फूल म्हणजे तशी फसवाफसवीच. जे जांभळं, पिवळं, गुलाबी दिसतं ते फूल नव्हेच, ती नुसती वाटी. खरं फूल म्हणजे वाटीतला पांढरा ठिपका. तो येतो, थोडे दिवस राहतो आणि मुकाट्यानं गळून जातो. वाटी मात्र सुकली तरी रंग सोडत नाही, म्हणून तर लोक हौसेनं ती घरात ठेवतात. पण कापायची वेळ साधावी लागते. घाई केली तर सुकायला उलट्या टांगलेल्या जुड्यांच्या माना मुरगळतात आणि मिटलेल्या वाट्या जन्मभर मिटलेल्याच राहतात. उशीर केला तर टोकं तपकिरी पडतात आणि सुकल्यावर हात लावताच वाट्या झडायला लागतात. मधले चार-पाच दिवस काय ते आपले.

यंदाचे ते चार-पाच दिवस निघून चालले होते आणि सासरे रोज सकाळी म्हणत होते, ‘अजून नाही.’

सूनबाईचा जीव टांगणीला लागला होता, कारण जांभळा वाफा तिचा होता. दरवर्षी रोपं विकत यायची. यंदा तिनं हट्टानं बी आणलं, ट्रेमध्ये पेरलं, रोपांना थंडी मिळावी म्हणून मागच्या पडवीत सहा आठवडे ठेवलं. थंडी लागली नाही तर हे झाड नुसता पानांचा गोल पसारा करून बसतं, दांडा वर काढायचं नाव घेत नाही. लावताना प्रत्येक रोपाचा गळा मातीच्या वर राहील याची तिनं काळजी घेतली, कारण गळा पुरला की रोप कुजतं. पाणी मुळाशी, पानांवर थेंब नाही. सासरे बांधावर उभं राहून सगळं बघत होते. चूक काढायला जागाच सापडली नाही तेव्हा म्हणाले, “ठीक आहे.” या माणसाकडून ‘ठीक आहे’ मिळणं म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात पडून कौतुक करण्यासारखं होतं. तिनं ते दोन शब्द चांगले आठवडाभर पुरवून वापरले.

असा वाफा आता डोळ्यांदेखत हातचा जात होता. बाहेरच्या ओळींची टोकं तपकिरी व्हायला लागली होती. ती चालताना नुसता पदर घासला तरी दांडे सळसळत होते. तिला तो आवाज बांधावरून ऐकू येत होता. आणि सासरे दांडा कानाला लावून म्हणत होते, अजून नाही.

बोलायची सोय नव्हती. त्याला कारण गेल्या वर्षीचं होतं. गेल्या वर्षी कापणी झाल्यावर सुक्या फुलांची दुकानवाली माल बघायला आली होती. जुड्या बघून खूश झाली आणि म्हणाली, “सूनबाईनंही विद्या शिकून घेतलेली दिसते.” त्यावर सासरे हसून म्हणाले, “हिला काय कळतंय यातलं! आवाज मला कळतो.” कापणीच्या दोन्ही बायांसमोर म्हणाले. सूनबाईच्या मनाला ते फार लागलं. तिनं मनाशी ठरवलं, की यापुढे यांच्या निकालाच्या वेळी आपण मान खाली घालून उभं राहायचं. हं नाही, चूं नाही. एवढं कळतं ना तुम्हाला, मग कळू दे.

असा राग धरणं सोपं असतं. वाफा आपला असला की तो धरून ठेवणं जड जातं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई तिच्यापाशी येऊन बसल्या आणि तणतणायला लागल्या. “तासभर बोलतेय मी यांच्याशी. बहिणीचं पत्र वाचून दाखवलं. शेवटी विचारलं, काय लिहू तिला? तर हे उठले आणि चपला घालून निघून गेले! मी म्हणजे काय भिंत आहे का?”

“ऐकू आलं नसेल, आई.”

“त्यांना? अगं, फुलाचा श्वास ऐकू येतो म्हणे त्यांना. बायकोचं तेवढं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं हेच चाललंय.”

सूनबाई ट्रे धूत होती, तिचा हात थांबला. चाळीस वर्षं हेच चाललंय, हीच तर गोम होती. ज्या घरात नवरा बायकोला मुळातच उत्तर देत नाही, त्या घरात तो बहिरा झाला तर कळणार कुणाला आणि कसं? तिनं मागचं सगळं आठवून पाहिलं. रेडिओ लावणं त्यांनी सोडलं होतं. म्हणायचे, सगळ्या बातम्या सारख्याच. फोन नेहमी दुसऱ्याच्या हातात द्यायचे. म्हणायचे, डोकं उठतं. सगळ्यांनी ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा फुलांची गाडी चालवायचा, निम्मा दिवस घराबाहेर. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “खरं असेल तुझं. पण मी नाही हं विचारणार त्यांना. तूच बघ काहीतरी.” आणि गाडी पुसायला निघून गेला. गाडी स्वच्छ होती.

मग तिनं जे केलं त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. पण त्या रात्री हवामानाच्या बातमीत सांगितलं होतं की उद्या संध्याकाळपासून हवा दमट होणार, आणि दमट हवेत या फुलांवर राखाडी बुरशी धरायला एक दिवस पुरतो. पाचव्या दिवशी सकाळी ती सुकवणीच्या अंधाऱ्या खोलीत गेली. तिथं तारेवर गेल्या वर्षीची एक जुडी नमुन्याला ठेवलेली होती. तिच्यातला एक जांभळा दांडा तिनं काढून घेतला. वर्षभर सुकलेला, उचलतानाच खडखड वाजणारा. वाफ्यातले दोन ताजे दांडे कापून त्यांच्या मधोमध तो धरला आणि सासऱ्यांकडे गेली.

कापणीच्या दोघी बाया कात्र्या घेऊन बांधावर बसल्या होत्या. त्यातल्या एकीला सगळे ‘घाईबाई’ म्हणत. ती पाच दिवस नुसती येऊन बसत होती आणि आज तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या.

“बाबा, हे मधल्या ओळीतले,” सूनबाई म्हणाली आणि मान खाली घातली.

सासऱ्यांनी एक दांडा उचलला. नेमका तोच. सवयीनं थेट कानाशी नेला आणि हलवला. तो असा वाजला की बांधावरच्या घाईबाईनंही वर पाहिलं.

“अजून नाही,” सासरे म्हणाले. “दोन दिवस थांबा.”

मग त्यांचा अंगठा दांड्यावर दाबला गेला. ओला दांडा वाकतो. हा काडकन मोडला.

सासऱ्यांनी मोडलेल्या तुकड्याकडे पाहिलं. आतून तो गवतासारखा वाळलेला होता. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. दोन्ही तुकडे त्यांनी खिशात घातले आणि सुकवणीच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला उत्तर हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं.

“कापायचं का मग?” घाईबाईनं विचारलं.

“त्यांनी सांगितल्याशिवाय कसं कापणार?” दुसरी म्हणाली.

सूनबाई तशीच उभी राहिली. हातात कात्री होती, वाफा स्वतःचा होता, पण ‘कापा’ हा शब्द तिच्या तोंडून निघेना. तो शब्द त्यांचा होता. बाकी सगळं एकेक करून मुलाकडे, सुनेकडे गेलं होतं. गाडी, किल्ल्या, बी-बियाणं. एवढा एक शब्द त्यांच्याकडे उरला होता आणि तोही आपण बायांच्या देखत काढून घ्यायला निघालो, असं तिला वाटलं.

अर्ध्या तासानं ती चहा घेऊन खोलीत गेली. सासरे उलट्या क्रेटवर बसले होते. तिनं चहा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “बाबा, चुकलं माझं.”

“ओरडू नकोस,” ते म्हणाले. “समोर उभी राहा, म्हणजे ओठांवरून कळतं. किती दिवसांपासून माहीत होतं तुला?”

“कालपासून.”

“आणि वाफा तयार आहे हे?”

तिनं खाली बघितलं. “पाच दिवसांपासून.”

“पाच दिवस?” सासरे एकदम उसळले. “पाच दिवस तू गप्प बसलीस? टोकं तपकिरी पडताना मी बघतोय, मनात म्हणतोय उन्हानं झालं असेल, आणि तुला कळत असून तू गप्प? माझ्या कानांचं सोड, ते गेले ते गेले. फुलांनी काय घोडं मारलं होतं तुझं?”

हे तिला अगदीच अनपेक्षित होतं. रडू येत होतं त्या जागी तिला राग आला. “तुम्हीच म्हणाला होतात ना, हिला काय कळतंय? दुकानवालीसमोर, बायांसमोर! गेल्या वर्षी तर बरोबर दिवस सांगितलात, एक वाटी झडली नाही. मला वाटलं, यंदाही तुम्हालाच कळेल.”

“गेल्या वर्षी कुठं ऐकू येत होतं मला?”

तिनं झटकन मान वर केली.

“त्याच्या आदल्या वर्षीही नव्हतं.” सासऱ्यांनी चहाचा कप उचलला, पण प्यायले नाहीत. “मी दांडा हलवायचो आणि तुझ्याकडे बघायचो. कच्चा असला की तू नाक मुरडायचीस. तयार झाला की तुझ्या भुवया वर जायच्या. भुवया वर गेल्या की मी म्हणायचो, कापा. दोन वर्षं तुझ्याच तोंडाकडे बघून निकाल दिलाय मी. यंदा तू आपली मान खाली घालून उभी. मी रोज वाट बघतोय, आज वर बघेल, उद्या बघेल.”

सूनबाई दुसऱ्या क्रेटवर बसली. “आणि वर म्हणालात, हिला काय कळतंय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी ओठ वाचले.

“म्हणालो,” सासरे म्हणाले. “दुकानवाली तुझं कौतुक करायला लागली आणि मला वाटलं, तिला कळलं की काय सगळं. भीतीनं म्हणालो. ते बोलणं वाईट होतं.”

हसावं की रडावं हे तिला कळेना, तेव्हा तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. बारा वर्षांत सासऱ्यांनी कुणाची माफी मागितलेली तिनं पाहिली नव्हती, आणि ही माफीच होती. त्यांना तेवढीच येत होती. तिनं ती घेतली.

“चला,” ती उठून म्हणाली. “मधल्या ओळी अजून वाचतील. बाहेरच्या गेल्या.”

“किती गेल्या?”

“तिसरा हिस्सा.”

त्यांनी मान हलवली. तिसरा हिस्सा दोघांनी मिळून घालवला होता. एकानं ऐकू येत नाही हे सांगितलं नाही आणि दुसरीनं ऐकू येतंय हे सांगितलं नाही.

दोघं वाफ्यावर आली. ऊन चांगलं वर आलं होतं, पानं कोरडी होती. बाया उठून उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सासरे वाफ्याच्या टोकाशी थांबले. त्यांनी दांड्याला हात लावला नाही.

“माझ्याकडे काय बघता?” ते बायांना म्हणाले. “मला ऐकू येत नाही. ही सांगेल.”

घाईबाईचं तोंड उघडंच राहिलं. सूनबाईनं एक दांडा वाकवला, कानाशी नेला आणि हलवला. खरं तर त्याची काही गरज नव्हती. मग ती म्हणाली, “कापा.” शब्द बारीक निघाला, सासऱ्यांसमोर आवाज चढवायची तिला सवय नव्हती. बायांना ऐकू गेला की नाही कोण जाणे, त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हा तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शेजारच्या वाफ्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, “कापा!”

सासरे तिच्या शेजारीच उभे होते, पण वाफ्याकडे तोंड करून. त्यांची नजर बायांच्या हातांवर होती. कात्र्या हलल्या, पहिले दांडे आडवे झाले, तेव्हा त्यांना कळलं की तिनं सांगितलं. मग त्यांनी वाकून जुड्या बांधायला सुरुवात केली.