कालिंदीला कुणी सांगायचं नाही

वाईहून फोन आला तेव्हा कालिंदी पाळणाघराच्या मागच्या खोलीत स्वरदाला चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होती. पाळणाघरात फोन नव्हता. तो आला गल्लीच्या तोंडाशी, बिंदुमाधवच्या एसटीडी बूथवर. पलीकडून कालिंदीचा भाऊ अण्णा बोलत होता. आई पहाटे गेली. काशीहून कालिंदी वेळेवर पोचणं शक्य नाही, म्हणून तिच्यासाठी थांबत नाही. दिवसकार्य झालं की अस्थी घेऊन मीच येतो. एवढंच सांगून त्याने फोन ठेवला.

बिंदुमाधव एरवी निरोप घेऊन धावत यायचा आणि दारातूनच ओरडायचा. त्या दिवशी तो सावकाश आला, चपला बाहेर काढल्या आणि प्रभावतीबाईंना खुणेने बाहेर बोलावलं.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत हे पाळणाघर होतं. दोन खोल्या आणि मध्ये एक छोटा चौक. प्रभावतीबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सुरू केलं. आसपासच्या मराठी घरांतली मुलं तिथे येत, शिवाय बँकेत, रेल्वेत, विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांचीही येत. प्रभावतीबाईंना सगळे काकू म्हणत. कालिंदी त्यांची मदतनीस. ती याच गल्लीत सून म्हणून आली आणि लवकर विधवा झाली. मुलांना भरवणं, धुणं, झोपवणं हे काम तिचं. मुलं तिला मौसी म्हणत. घरी मराठी बोलणारी मुलंही इथे जमली की हिंदीतच भांडत.

बातमी ऐकून काकूंनी मागच्या खोलीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "कालिंदीला सांगायचं नाही."

"पण काकू, भाऊ म्हणाला..."

"सांगितलंस की तिला सूतक लागेल. लग्न झालेली लेक ती, तीन दिवस तिला कुणाला शिवता येणार नाही. मग त्या पोरीला पाणी कोण पाजणार? तू?"

स्वरदाचं काय चाललंय ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिचे वडील विश्वजीत बँकेतल्या बदलीवर नागपूरहून आलेले. इथे नात्याचं कुणी नाही. आई मैत्रेयी विषमज्वराने रुग्णालयात. आई रुग्णालयात गेली त्याच दिवसापासून दीड वर्षांच्या स्वरदाचं पोट बिघडलं. बाटली ती फेकून देई. वडिलांच्या हातून प्यायलेलं ओकून टाकी. काकूंसमोर ओठ घट्ट मिटून घेई. पोटात पाणी ठरलं नाही तर सलाइन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि शिरा इतक्या बारीक आहेत की ती वेळ येऊ देऊ नका, असंही. जेठ महिना होता. दुपारी गल्लीतल्या फरशीवर पाय ठरत नव्हता.

ती फक्त कालिंदीकडून पीत होती. कालिंदीने तिच्या हातात एक रिकामा चमचा दिला होता. स्वरदा आधी तो कालिंदीच्या तोंडाला लावायची. कालिंदी आ करून प्यायल्यासारखं करायची. मग स्वरदा आ करायची. प्रत्येक चमच्याला हा व्यवहार. त्याला वेळ लागे, पण पाणी आत जाई. इतर मुलांना झळ नको म्हणून स्वरदाला मागची खोली दिली होती, आणि रात्रीही कालिंदी तिच्यापाशीच राहत होती.

"मला झूठ बोलता येत नाही, काकू," बिंदुमाधव म्हणाला. "ती रोज विचारते, वाईहून काही आलं का. समोर आली तर तोंडातून निघूनच जाईल."

"मग तोंडात पान ठेव. बनारसमध्ये राहतोस ना?"

काकू तिथून थेट ढुंढिराजशास्त्र्यांकडे गेल्या. शास्त्रीबुवा यात्रेकरूंचे विधी करत, आणि सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न आला की गल्ली त्यांनाच विचारी. त्यांची नात ऋता पाळणाघरातच होती.

"काय गं, एवढ्या उन्हाची? तोंडावरून तर मुहूर्त काढायला आलेली दिसत नाहीस."

काकूंनी सगळं सांगितलं. शास्त्रीबुवांनी जानव्याची गाठ बोटांत फिरवली.

"मरणाचं सूतक ऐकल्यापासून. न ऐकलेलं लागत नाही, हे खरं. पण ऐकूच देऊ नका, असं शास्त्रात नाही, प्रभावती. ते तुझ्या माथी."

"राहू दे माझ्या माथी."

"आईचं मरण आहे. पोरीला रडायचा तरी हक्क आहे की नाही?"

"आहे," काकू म्हणाल्या. "स्वरदाच्या पोटात पाणी ठरलं की मीच सांगेन तिला. तोवर तुमच्या ऋतालाही तीच भरवते आहे, एवढं लक्षात ठेवा. नको असेल तर आजपासून घरी ठेवा."

शास्त्रीबुवांनी जानव्याची गाठ बोटांतून सोडली. मग म्हणाले, "भरवू दे."

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. काय बोलायचं नाही हे कुणी कुणाला समजावलं नाही. मुलांच्या आया त्यांना घ्यायला आल्या, कालिंदीला "तबियत कशी आहे पोरीची?" एवढंच विचारलं आणि नजर वळवली. एकीने जाता जाता कारण नसताना तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग घाईने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदी साखर आणायला बाहेर पडली. बूथपाशी थांबली.

"बिंदू, वाईहून काही?"

बिंदुमाधवने मान वर केली. दोन्ही गाल फुगलेले होते. त्याने बोटाने तोंडाकडे खूण केली, मान हलवली आणि "ऊं ऊं" असं काहीतरी केलं. डोळे मात्र पाणावले होते.

कालिंदी त्याच्याकडे बघत राहिली. बिंदुमाधव पान खात नसे. त्याच्या वडिलांना तोंडाचा विकार झाला होता, आणि तेव्हापासून त्या घरात पानाचा डबाही उरला नव्हता.

"कधीपासून खायला लागलास?"

तो टेलिफोनच्या यंत्रावरची धूळ पुसू लागला.

"दात खराब होतील," कालिंदी म्हणाली. साखर घेऊन ती परत आली. त्यानंतर तिने बूथवर काही विचारलं नाही. बाहेर जायचंच झालं तर पंचगंगा घाटाच्या बाजूने वळसा घालून जायची.

काकूंनी तिच्यात फरक शोधला. तिने मुलांच्या गाद्या उन्हात टाकल्या, दुपटी धुतली, ऋताचे केस विंचरले. ऋता म्हणाली, "मौसी, आज गाना नहीं?" झोपवताना कालिंदी गाणं म्हणत असे. ती म्हणाली, "घसा दुखतोय गं." आणि नुसतं थोपटत राहिली.

स्वरदाला मात्र उतार पडू लागला. रिकामा चमचा, भरला चमचा. आधी पाणी, मग भाताची पातळ पेज. डोळ्यांखालचे खड्डे भरत आले. डॉक्टर म्हणाले, पोट धरलं आहे, पण आणखी दोन-तीन दिवस असंच चालू ठेवा. आता सुटलं तर पुन्हा सावरायला ताकद नाही तिच्यात.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दुपारी विश्वजीत आला. रुग्णालयातून बँकेत आणि बँकेतून इथे, अशा फेऱ्यांनी त्याचा चेहरा उतरला होता. बँकेत या गल्लीत राहणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याला कालिंदीच्या आईचं सांगितलं होतं. पण तिला सांगायचं नाही, हे सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या माणसाला ते सांगायची गोष्ट वाटलीच नव्हती. विश्वजीतचा समज झाला, की ही बाई आईचं दुःख गिळून, सूतक बाजूला ठेवून आपल्या मुलीला वाचवते आहे. वाटेत त्याने काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं.

तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. स्वरदा कालिंदीच्या मांडीवर होती. त्याने हात जोडले.

"मावशी, तुमच्या आई गेल्याचं आजच कळलं. आणि तरीही तुम्ही माझ्या मुलीसाठी... मी काय बोलू?"

चौकातून काकू धावत आल्या, पण वाक्य बोलून झालं होतं.

कालिंदीने हातातला चमचा वाटीत ठेवला. स्वरदाला चटईवर बसवलं, हात काढून घेतले आणि उठली. कुणालाही न शिवता, भिंतीकडून अंग चोरत ती बाहेर पडली. काकूंनी बाजूला होऊन तिला वाट दिली. ती गल्लीतून बालाजी घाटाच्या पायऱ्यांकडे गेली. असं ऐकल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायचं असतं.

स्वरदा रडू लागली.

"मला वाटलं, त्यांना ठाऊक आहे," विश्वजीत म्हणाला. काय झालं ते आता त्याच्या लक्षात आलं होतं.

"तुमचा दोष नाही," काकू म्हणाल्या. "सगळ्या मुहल्ल्यात एक तुम्हालाच सांगायचं राहिलं. ज्याची पोर, त्यालाच."

त्याने वाटी उचलली. चमचा पुढे केला. स्वरदाने तो हाताने उडवला, पाणी चटईवर सांडलं. काकूंनी प्रयत्न केला. पोरीने मान फिरवली, रडता रडता उबळ आली आणि मघाशी पोटात गेलेलं सगळं बाहेर आलं. विश्वजीत तिला खांद्यावर घेऊन चौकात येरझारा घालू लागला. इतर मुलं खेळ थांबवून बघत होती.

कालिंदी परत आली तेव्हा लुगड्यातून पाणी निथळत होतं. ती आत आली नाही. चौकाच्या कोपऱ्यात, मोरीपाशी, सगळ्यांपासून दूर बसली. रडणं ऐकत होती आणि दोन्ही हात गुडघ्यांभोवती आवळून धरले होते.

मुलांना न्यायची वेळ झाली होती. शास्त्रीबुवा ऋताला घ्यायला दारात येऊन थबकले. कोपऱ्यातल्या ओल्या बाईकडे पाहून त्यांना सगळं समजलं.

काकूंनी विश्वजीतकडून स्वरदाला घेतलं. खाली उभं केलं. फ्रॉकची बटणं काढून फ्रॉक डोक्यावरून ओढला, मग चड्डी काढली. कमरेचा काळा दोराही सोडवला. सगळा गुंडाळा मोरीकडे फेकला.

"काकू, हे काय..." विश्वजीत म्हणाला.

"नागड्या पोराला विटाळ नसतो. विटाळ कापडाला. माझी आई महिन्याची बाजूला बसायची तेव्हा अंगावर पिणाऱ्या भावाला असंच तिच्याकडे सोडायचे." त्या शास्त्रीबुवांकडे वळल्या. आवाज चढला होता. "खोटं आहे का? असेल तर आत्ता सांगा. मग मला दुसरं काही करावं लागेल, आणि ते तुम्हाला चालणार नाही."

शास्त्रीबुवांनी ऋताचा हात धरला.

"खोटं कसं असेल? मलाही असंच सोडलं होतं म्हणे. आमची आत्या सांगायची." मग ते म्हणाले, "पण बाकीची पोरं कपड्यांतली आहेत, प्रभावती."

"बाकीच्यांना तीन दिवस सुट्टी. पाळणाघर बंद. सगळ्यांना सांगा."

काकूंनी रिकामा चमचा स्वरदाच्या मुठीत दिला. पाण्याची वाटी आणि दुसरा चमचा कालिंदीपुढे जमिनीवर ठेवला आणि मागे सरल्या. स्वरदा हुंदके देत, फरशी तापलेली म्हणून पाय उचलत उचलत, कोपऱ्यापर्यंत चालत गेली. कालिंदीने हात सोडले आणि तिला ओल्या मांडीवर घेतलं.

मुलं एकेक करून गेली. विश्वजीत उंबऱ्यावर बसून राहिला; त्याला कुणी उठवलं नाही. काकू चौकात, शिवणार नाही एवढ्या अंतरावर बसल्या.

"अण्णा अस्थी घेऊन कधी येतोय?" कालिंदीने विचारलं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. अस्थींचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"दिवसकार्य झालं की. तुला माहीत होतं?"

"बिंदूने पान खाल्लं तेव्हा कळलं. अण्णा आईला दुसरीकडे कुठे नेणार? काशीला लेक असताना?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुम्हाला सांगावं लागलं असतं." ती वाटीतलं पाणी चमच्याने ढवळत राहिली. "रात्री ही झोपली की मी आईला आठवायचे. रडता येत नव्हतं. रडले असते तर ऐकल्यासारखंच झालं असतं."

"आता रड."

"हिचं होऊ दे."

तिने चमचा भरला. स्वरदा अजून मुसमुसत होती, पण तिने आ केला नाही. आधी आपला रिकामा चमचा वर उचलला आणि कालिंदीच्या तोंडापुढे धरला. कालिंदीचे ओठ मिटलेले होते. स्वरदा थांबली. चमचा ओठांना लावून दाबला, पुन्हा दाबला.

कालिंदीने तोंड उघडलं. मग स्वरदाने उघडलं.