रोलरचा हात

“हिला रंग द्यायचाय, भावजी,” असं म्हणून वहिनीने गाडीची किल्ली डब्याच्या झाकणावर ठेवली, तेव्हा तो एका जनरेटरच्या पोटाखाली आडवा होऊन ब्रश चालवत होता. किल्ली कुणाची ते त्याला पडल्या पडल्याच कळलं. तो लगेच उठला नाही. हातातला कोपरा पुरा केला, मग बाहेर आला.

त्याला सगळे रोलर म्हणत. ज्यांना फवाऱ्याचा रंग परवडत नसे, ते त्याच्याकडे येत. पंप, हातगाड्या, भंगाराच्या दारातून माघारी फिरलेले टेम्पो, असलं काहीही तो स्पंजच्या रोलरने आणि ब्रशने रंगवून द्यायचा. “लांबून बघा, म्हणजे नवी,” हा विनोद त्याचा त्यानेच काढलेला, दुसऱ्या कुणी काढायच्या आत.

फक्त थोरल्या भावाची गाडी त्याच्याकडे कधी आली नव्हती. प्रवासी वाहतुकीची पांढरी गाडी, बाजूला लाल पट्टा. एकदा त्याने आपण होऊन विचारलं होतं, तर दादा चार लोकांदेखत म्हणाला होता, “गाडी म्हणजे भिंत नाही, चुना फासायला.” लोक हसले, तोही हसला. त्यानंतर ती गाडी दारात उभी असली की तो तिला वळसा घालून जायचा.

दादा त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर गेला. छातीत कळ आली, गाडी सावकाश रस्त्याकडेच्या चरात उतरली. आतल्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण ती गाडी लोकांच्या मनातून उतरली. वहिनी चालवायला शिकली, लायसन्स काढलं, सकाळपासून स्टँडवर उभी राहू लागली. लोक लाल पट्टा बघत आणि मागच्या गाडीत चढत.

फवाऱ्यानेच रंगवून घे, असं त्याने तिला सांगून पाहिलं. रोलरने रंगावर बारीक दाणा उठतो, तो उन्हात दिसतो, हेही सांगितलं.

“तेवढं असतं तर तुमच्याकडे आले असते का?” ती म्हणाली. बोलण्यात आडपडदा नव्हता, म्हणून त्याला लागलं नाही.

घरचं आवरून ती रोज यायची आणि ओल्या पॉलिश पेपरने पत्रा घासायला बसायची. बोलणं बेताचंच व्हायचं. कुठे पोचे बुजवायला लांबी भरायची, कुठे अजून गंज आहे, एवढंच. लाल पट्टा घासायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. दाराच्या आतल्या बाजूला थोडा राहू द्यायचा का, असं त्याने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “ठेवायचं ते घरात आहे.”

मग त्याने निळा रंग काढला, थिनर घालून पातळ केला, फडक्यातून गाळला. एक हात दिला, वाळू दिला, घासला. पुन्हा एक दिला. दोन हातांत काम भागलं होतं, तरी त्याने तिसरा दिला. एवढे लाड त्याने कधी कुठल्या जनरेटरचे केले नव्हते. दादाने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता, हा विचार मध्येच आला, आणि त्याने रोलर पुन्हा डब्यात बुडवला.

गाडी स्टँडवर लागली त्या सकाळी तोही गेला, रंग उन्हात कसा दिसतो ते बघायला. एका म्हातारीने पिशवी आत ठेवली आणि नवी घेतली का म्हणून विचारलं.

“नाही, आजी,” वहिनी म्हणाली. “तीच आहे. ह्यांचीच.”

म्हातारी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पिशवी बाहेर ओढली. तिच्या मागचे दोघेही मागच्या गाडीकडे गेले. वहिनी समोर बघत राहिली. खोटं बोलायला काय जात होतं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तो दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसला.

“तुम्हाला कुठं जायचंय?”

“कुठं नाही. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही.”

थोड्या वेळाने घाईत असलेला एक माणूस चढला, त्याच्यामागून एक बाई. दुसऱ्या दिवशीही तो गेला, तिसऱ्याही. रोज शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा आणि त्याच गाडीने परत यायचा. मग उशिरा कामाला लागायचा. गिऱ्हाइकं कुरकुरत. बायकोने एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. गाडीत हळूहळू तीच तीच माणसं दिसू लागली. म्हातारी मात्र बरेच दिवस मागच्याच गाडीने जात होती.

मग एका सकाळी ती आली. इकडेतिकडे न बघता पिशवी आत सरकवली आणि दारातच उभी राहिली. आत सगळ्या सीटा भरलेल्या होत्या. वहिनीने आरशातून मागे पाहिलं.

“भावजी,” ती म्हणाली, “आज जागा नाही.”

तो उतरला. म्हातारीला हात देऊन वर चढवलं आणि दार लावलं. गाडी वळली, रस्त्याला लागली. ती लांब जाईपर्यंत तो बघत राहिला, मग चालत कामावर निघाला.