पंचाची कॉलर

मित्रांनो, मी एक जुना पांढरा शर्ट आहे. कबड्डीच्या पंचाचा. चारकोपच्या टेलरने मला शिवलं आणि जयवंतकाकांनी मला पहिल्यांदा अंगात घातलं, तेव्हा काय भाव खाल्ला म्हणून सांगू! विमलाकाकू मला खळ देऊन कडक इस्त्री करायच्या. मैदानात पोरं काकांच्या पाया पडूनच खेळायला उतरायची.

पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

आमच्याच सेक्टरच्या मैदानावर अंतिम सामना होता. शेवटची चढाई सिद्धेशची. हा आमच्याच गल्लीतला. परत येताना त्याची टाच रेषेबाहेर पडली. काकांनी शिट्टी मारली, बाद! आणि आमच्या सेक्टरचा संघ हरला. आता कबड्डीत रीत अशी की, बाद झाल्याचं कळलं तर खेळाडूने स्वतःच हात वर करायचा. सिद्धेशला कळलं होतं. पण तो गप्प उभा राहिला.

मग काय, वाट लागली! "आपला पंच असून आपल्यालाच मारतो? आंधळा साला!" लोक आईबहिणीवर आले. कोणीतरी माझी कॉलर धरली, ती टर्रकन फाटली. आणि हे सगळं बघत समोर काकांची मुलगी श्रुतिका उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून काका मैदानाला वळसा घालून बाजारात जातात. खाली पोरं ओरडली तरी दचकतात. जेवता जेवता हात थांबतो. "अहो, दोन घास खा ना," काकू म्हणतात. त्यांनी माझी कॉलर शिवली, पण काकांनी मला हात लावला नाही.

काल सिद्धेश घरी आला. मान खाली घालून म्हणाला, "काका, टाच बाहेर होती. मला माहीत होतं. सॉरी."

"मला कशाला सांगतोस रे? मला तर तेव्हाच माहीत होतं," काका म्हणाले.

श्रुतिका उसळली, "शिव्या चारचौघांत आणि माफी दाराआड होय रे?"

तो रडला आणि निघून गेला. काकूंनी हळूच विचारलं, "यंदाच्या स्पर्धेला हा शर्ट काढून ठेवू?"

"नको. फरशी पुसायला घे."

मित्रांनो, फरशी पुसायची मला लाज नाही हो. लाज वाटते ती त्या दिवसाची. निकाल पटला नाही तर नियम विचारा, हवं तर भांडा, पण पंचाच्या अंगावर जाऊ नका. आणि खरं माहीत असेल तर सगळ्यांदेखत बोला. त्या दिवशी एक जण जरी बोलला असता, तर माझे काका आज मैदानात असते.